चोकवाली ट्यूब काढून एलईडी लावायचीय, पण नुसती ट्यूब बदलून भागेल का?

एका ताईंचं पत्र आलंय. त्या शिवणकामाचा क्लास चालवतात, मोठा हॉल आहे, छताला चार फुटी ट्यूबलाईटच्या 16 पट्ट्या, सगळ्या जुन्या. त्या लिहितात, "चार ट्यूब सतत गुणगुणतात, दोन लुकलुकतात, मुलींचे डोळे दुखतात. भाचा म्हणतो एलईडी ट्यूब आण, स्टार्टर काढ, लाव, झालं. वायरमन म्हणतो सगळ्या पट्ट्या काढून नवीनच बसवा. मी प्रयोग म्हणून दोन एलईडी ट्यूब आणल्या. एक लागली पण तिच्याखाली मरून आणि चॉकलेटी दोरा सारखाच दिसतो. दुसरी दुसऱ्या पट्टीत लावली तर नुसती लपलप करते. ट्यूब खराब आहे का? आणि जुन्या 16 ट्यूबचं काय करू, कचऱ्यात टाकल्या तर चालतील का?"

ताई, आधी एक सांगते, ती लपलपणारी ट्यूब बहुतेक खराब नाहीये, परत करायची घाई करू नका. तुमचा भाचा आणि वायरमन दोघंही ट्यूबबद्दल किंवा पट्टीबद्दल बोलतायत पण पट्टीच्या आत काय आहे ते उघडून कोणी बघितलेलं दिसत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

जुनी ट्यूबलाईट एकटी चालूच शकत नाही. तिच्यात पाऱ्याची थोडीशी वाफ असते, तिच्यातून करंट गेला की डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण निघतात आणि काचेला आतून लावलेली पांढरी पावडर त्यांचा उजेड करते. पण एकदा का आतून करंट सुरू झाला की तो आपणहून थांबत नाही, वाढतच जातो, म्हणून त्याला आवरायला चोक. आणि सुरुवातीला दोन्ही टोकं गरम करून धक्का द्यायला स्टार्टर, ती छोटी गोल डबी. हा झाला जुना लोखंडी चोक, जड असतो, आणि त्याच्या आतले लोखंडी पत्र्याचे थर सैल झाले की तुम्ही म्हणता ती गुणगुण चालू होते. नंतर इलेक्ट्रॉनिक चोक आला, हलका, आवाज नाही, स्टार्टर लागत नाही, ट्यूब पटकन लागते. आता तुमच्या 16 पट्ट्या एकाच वेळी बसवलेल्या असल्या तरी एवढ्या वर्षांत कधीतरी एखादा चोक जळला असेल आणि ज्याने कोणी दुरुस्त केला त्याने हाताला लागेल तो इलेक्ट्रॉनिक चोक घातला असेल, असं नेहमी होतं. तुमची दुसरी ट्यूब माझ्या मते अशाच पट्टीत गेलीय. लोखंडी चोकसाठी बनवलेली एलईडी ट्यूब इलेक्ट्रॉनिक चोकवर लावली की ती लागत नाही किंवा लपलपते, कारण तो चोक तिला 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची, साधी वीज देतच नाही, हजारो हर्ट्झची देतो.

ओळखायचं कसं? पट्टीला गोल स्टार्टर असेल तर बहुतेक लोखंडी चोक, नसेल तर बहुतेक इलेक्ट्रॉनिक. अजून एक सोपी गोष्ट, जुनी ट्यूब लावलेली असतानाच मोबाईलचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून तिच्याकडे धरा, उजेड कमीजास्त होताना दिसला किंवा स्क्रीनवर काळे पट्टे सरकले तर बहुतेक लोखंडी. एक कागद घ्या, 16 पट्ट्यांचा नकाशा काढा आणि प्रत्येकीपुढे लिहून ठेवा, अर्ध्या तासाचं काम आहे पण पुढचे सगळे घोळ वाचतात.

आता भाच्याचा मुद्दा. तो पूर्ण चूक नाहीये पण अर्धवट आहे. बाजारात एलईडी ट्यूब साधारण तीन प्रकारच्या. एक, जी आहे त्या चोकवरच चालते. दुसरी, जिला चोक नकोच, थेट मेनची वीज द्यायची, म्हणजे पट्टीतलं वायरिंग बदलावं लागतं. तिसरी, जिचा ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज करून देणारं सर्किट, एरवी ते ट्यूबच्या आतच असतं) वेगळा, बाहेर बसवायचा, ती मोठ्या ऑफिस-हॉस्पिटलच्या कामाला बरी, तुम्हाला तिची गरज नाही. पहिल्या प्रकारातसुद्धा गंमत अशी की काहींच्या बरोबर खोक्यात एक डमी स्टार्टर येतो, दिसायला स्टार्टरसारखाच पण आत नुसता फ्यूज, तो जुन्या स्टार्टरच्या जागी घालायचाच, नाहीतर सर्किट पुरंच होत नाही. आणि काहींना स्टार्टरची जागा रिकामी ठेवायची असते, तिथे जुना स्टार्टर राहिला तर तो आपला मधेमधे चालू-बंद करत बसतो आणि चोक तापतो. म्हणजे "स्टार्टर काढ आणि लाव" हे एका ट्यूबला बरोबर, दुसरीला चूक. खोक्यावर जोडणीचं चित्र असतं, ते बघितल्याशिवाय एकही ट्यूब लावू नका.

माझं मत विचाराल तर चोक ठेवूच नका. चोकवर चालणारी ट्यूब लावायला सोपी हे खरं, वायरमन लागत नाही, भाड्याच्या जागेत कोणी तीच घेतली तर मी नाही म्हणणार नाही. पण तुमचे चोक जुने, त्यातले चार आत्ताच गुणगुणतायत, म्हणजे उद्या ते जळले की नवी कोरी ट्यूब असूनही अंधार, आणि मग तुम्ही ट्यूबला दोष देणार. इलेक्ट्रॉनिक चोकचं तर फारच, कुठली ट्यूब कुठल्या चोकशी जमते याच्या याद्या कंपन्या देतात, त्या शोधत बसायचं आणि तो चोक स्वतः वीज खातो ते वेगळंच. वायरमन एवीतेवी बोलवलाच आहे तर चोक, स्टार्टर आणि काही पट्ट्यांमध्ये एक गोल कॅपॅसिटर असतो तो, तिन्ही काढून टाकायला सांगा. कॅपॅसिटर बरेच जण विसरतात. तो चोकमुळे घसरणारा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरी कामी येते त्याचं माप) सुधारायला होता, चोक गेला की त्याचं काही काम उरत नाही.

थेट मेनवर चालणाऱ्या ट्यूबमध्ये परत दोन जाती. एकीत फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाला, दुसरं टोक नुसतं अडकवायला. दुसरीत एका टोकाला फेज आणि दुसऱ्या टोकाला न्यूट्रल. या दुसऱ्या जातीत धोका असा की बटण चालू असताना एक टोक होल्डरमध्ये घातलं आणि दुसरं हातात असलं तर त्या उघड्या पिनांपर्यंत वीज येऊ शकते, चांगल्या ट्यूबमध्ये त्यावर उपाय केलेला असतो पण सगळ्याच ट्यूब चांगल्या नसतात. मी असते तर एकाच टोकाला वीज घेणारी घेतली असती, आणि 16 च्या 16 त्याच जातीच्या, मिसळ अजिबात नको. कुठलं टोक विजेचं ते ट्यूबवर लिहिलेलं असतं, एल आणि एन अशी खूण असते, वायरमनने सगळ्या पट्ट्यांना वीज एकाच बाजूला आणली, समजा दाराच्या बाजूला, तर पुढे कोणीही ट्यूब बदलताना चुकणार नाही.

आणि ताई, ही पुढची गोष्ट कृपा करून करूनच घ्या. चोक काढलेल्या प्रत्येक पट्टीवर, आतल्या बाजूला पण ट्यूब काढली की दिसेल अशा जागी, चिकटपट्टी लावून पक्क्या मार्करने लिहा: "चोक काढला आहे. फक्त थेट मेनवर चालणारी, एकाच टोकाला वीज घेणारी एलईडी ट्यूब लावा." मी स्वतः बघितलंय एका ठिकाणी, वायरिंग बदलल्यावर दोन वर्षांनी कोणीतरी माळ्यावरची जुनी साधी ट्यूब काढून तिथे लावली, बटण दाबल्याबरोबर एका टोकाला भसकन जाळ दिसला, काच काळी पडली आणि एमसीबी (बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) पडला. एमसीबी पडला म्हणून निभावलं. ट्यूब लावणाऱ्याचा काहीच दोष नव्हता, दिसायला पट्टी अगदी जुनीच होती ना, कळणार कसं.

वायरमनच्या "सगळं नवीनच घ्या" वर येते. त्याचंही पूर्ण चूक नाही. पट्ट्या खाली उतरवल्या की होल्डर बघा, पिवळे पडून तडकलेत का, पिनांच्या जागी तपकिरी भाजल्याचे डाग आहेत का, आतली वायर वाकवली की तिचं आवरण बिस्किटासारखं तुटतं का, पत्रा गंजलाय का. यातलं काहीही असेल तर त्या पट्टीवर वेळ घालवू नका, तिथे सरळ नवीन एलईडी बॅटन, म्हणजे तयार लांबट एलईडी दिवा, लावा. बाकी ज्या ठणठणीत आहेत त्यात ट्यूब बदलून भागतं आणि एक फायदा राहतो, ट्यूब गेली तर नुसती ट्यूब बदलायची. बॅटनमध्ये बऱ्याचदा सगळं एकत्र असतं, आतला ड्रायव्हर गेला की आख्खा बॅटन टाकायचा, आणि आत्तापर्यंत मी जेवढे एलईडी दिवे बंद पडलेले बघितले त्यात उजेड देणारे दाणे क्वचित गेलेले, ड्रायव्हरच गेलेला, तोही उष्णतेने. म्हणून कुठलीही एलईडी बंद डब्यात, वर प्लॅस्टिकचं घट्ट झाकण लावून, गरम छताला चिकटवून ठेवू नका, तिला मोकळी हवा हवी. जुन्या ट्यूबचं उलट होतं, तिला थंडी सोसायची नाही.

काम करताना नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून चालणार नाही, मेनच बंद करायचा आणि मग टेस्टरने बघायचं. कारण जुन्या वायरिंगमध्ये पुष्कळदा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लावलेलं असतं, बटण बंद असलं तरी पट्टीत फेज जिवंत. असं असेल तर एलईडी लावल्यावर रात्री बटण बंद करूनही ती मंद मिणमिणत राहते, लोक म्हणतात ट्यूब खराब, ट्यूब नाही हो, वायरिंग उलटं आहे. बटणाला छोटा इंडिकेटर दिवा असेल तरी असं होऊ शकतं. वायरमन आहेच तर तेही सुधारून घ्या आणि पट्टीच्या पत्र्याला अर्थिंग आहे का ते पण बघायला सांगा. हे काम भाच्याला करू देऊ नका, कितीही हुशार असला तरी.

आता खरा विषय, मरून आणि चॉकलेटी. तुमच्यासाठी वॅटपेक्षा हे मोठं आहे आणि पत्रात तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात. पांढरी एलईडी आतून निळी असते. निळा दाणा, त्यावर पिवळसर पावडरचा थर, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं (या निळ्या एलईडीसाठीच 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल तीन शास्त्रज्ञांना मिळालं, तिच्याशिवाय पांढरी एलईडी नव्हतीच). साध्या स्वस्त ट्यूबमध्ये ही पावडर अशी असते की गडद लाल रंगाचा उजेड फारच कमी निघतो. आता मरून आणि चॉकलेटी यांच्यातला फरक लाल रंगातच तर आहे! उजेडातच लाल नसेल तर कापड परत काय पाठवणार, दोन्ही आपले मळकट तपकिरी दिसणार. उजेडात रंग किती खरे दिसतात हे मोजायला सीआरआय (CRI) नावाचा आकडा आहे, 100 पैकी असतो. खोक्यावर लिहिलेला असतो, नसेल लिहिलेला तर ती ट्यूब घेऊच नका. साध्या खोलीला 80 चालतो, युरोपच्या मानकात शिवणकामालासुद्धा निदान 80 आणि उजेड 750 लक्स (कामाच्या जागी किती उजेड पडतो त्याचं माप) म्हटलंय, पण कापडाचे रंग तपासायला मात्र 90 मागतात. तुम्ही दोन्ही करता, तुम्ही 90 च्या वरचीच घ्या. थोडी महाग पडेल, तेवढ्याच वॅटला उजेडही किंचित कमी देईल, तरी घ्या. लाल रंगासाठी आर नऊ असा वेगळा आकडा काही कंपन्या देतात, तो जितका जास्त तितकं बरं.

सीआरआय वेगळा आणि केल्विन वेगळं हं, यात फार लोक गल्लत करतात. केल्विन म्हणजे उजेड पिवळसर की निळसर. 2700 पिवळा, 4000 मधला, 6500 निळसर पांढरा. तुम्ही आणलेली 6500 ची असू शकते, खोक्यावर बघा. पण असली तरी एकदम 2700 वर जाऊ नका, पिवळ्या उजेडात नेव्ही ब्लू आणि काळा ओळखता येत नाहीत, एक त्रास जाऊन दुसरा येईल. 4000 घ्या. आणि कितीही चांगली ट्यूब आणली तरी दोरा जुळवायचा तो शेवटी खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात नेऊनच, कारण दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात वेगळे पडतात हे ट्यूबच्या काळातही होतं आणि एलईडीतही राहणार.

मुलींचे डोळे दुखण्याचं एक कारण लुकलुक. लोखंडी चोकवरची ट्यूब 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होते, 60 च्या विजेवर 120 वेळा. डोळ्याला सरळ दिसत नाही पण डोकं दुखतं, आणि शिलाई मशीनजवळ एक खरा धोका आहे, फिरणारं चाक ठरावीक वेगाला थांबल्यासारखं किंवा उलटं फिरतंय असं दिसतं. जुन्या कारखान्यांत यासाठीच शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडायचे. एलईडीने हे आपोआप जातं असं मात्र समजू नका, ड्रायव्हर हलका असेल तर तीच 100 ची लुकलुक एलईडीतही येते आणि कधीकधी जास्त तीव्र, कारण ट्यूबमधली पावडर थोडा वेळ तेवत राहते, एलईडी लगेच विझते. म्हणून घ्यायच्या आधी ती एकच ट्यूब लावून तिच्याखाली पेन्सिल बोटात धरून भराभर हलवा. सलग पुसट पंखा दिसला तर चांगली, तुटक तुटक पाच-सहा पेन्सिली दिसल्या तर परत करा.

वॅटचं थोडक्यात सांगते. 36 वॅटची ट्यूब आणि चोकचे साधारण 9 मिळून 45, त्या जागी 20 ची एलईडी, म्हणजे पट्टीमागे 25 वॅट वाचले. 16 पट्ट्यांचे 400, रोज 8 तास म्हणजे 3.2 युनिट, वर्षाला 300 दिवस क्लास चालला तर 960 युनिट. दर तुमच्या बिलावरचा लावून बघा. ट्यूब निवडताना मात्र वॅट नाही, लुमेन (ट्यूब एकूण किती उजेड देते तो आकडा) बघा, 20 वॅटला 2000 च्या वर लुमेन हवेत. जुन्या जातीची ट्यूब नवी असताना पावडरप्रमाणे साधारण 2500 ते 3300 देते, मग हे कमी नाही का असं वाटेल, पण ती चारी बाजूंना फेकते, अर्धा उजेड पट्टीवर आणि छतावर जातो, आणि तुमच्या तर जुन्या होऊन उतरलेल्या. एलईडी सगळा खाली टाकते. त्यामुळे छत काळोखं वाटेल आणि हाताची सावली जरा जास्त ठळक पडेल. टाक्यावर सावली पडत असेल तर मशीन थोडी सरकवा म्हणजे पट्टी पाठीमागे न येता बाजूला येईल, आणि बारीक काम करणाऱ्यांना मशीनलगत एक छोटा दिवा द्या. शिवाय दुधी काचेची किंवा दुधी प्लॅस्टिकची ट्यूब घ्या, दाणे दिसणारी पारदर्शक नको, ती डोळ्यात जातेच.

आता जुन्या 16 ट्यूब. कचऱ्यात नाही टाकायच्या ताई, फोडायच्या तर मुळीच नाहीत. प्रत्येकीत काही मिलिग्रॅम पारा असतो, जुन्या जाड ट्यूबमध्ये जास्त. एका ट्यूबचा पारा किरकोळ वाटेल पण सगळ्यांनी टाकलेला शेवटी पाण्यात आणि माशांत जातो, जपानच्या मिनामाताला कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने, तिथले मासे खाऊन लोकांना कशी विषबाधा झाली ते जगाने बघितलंय आणि पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराला त्याच शहराचं नाव दिलंय. 2023 च्या बैठकीत त्या करारातल्या देशांनी ठरवलं की या लांब ट्यूब बनवणं आणि त्यांची आयात-निर्यात बंद करायची, जुन्या पावडरच्या 2026 पर्यंत आणि नव्या पावडरच्या 2027 पर्यंत. म्हणजे तुम्ही आज नाही बदललं तरी पुढे ट्यूब मिळायच्या बंद होणारच आहेत. नव्या एलईडी ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतील त्यातच जुन्या ट्यूब सांभाळून भरा, आडव्या ठेवा, मुलींच्या पायात येणार नाहीत अशा जागी, आणि ई-कचरा किंवा धोकादायक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. चोक वेगळे द्या, त्यात तांबं आणि लोखंड असतं, त्याचा पुनर्वापर होतो.

काढताना एखादी फुटली तर घाबरू नका पण लगेच झाडूही घेऊ नका. सगळ्यांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा-एसी बंद, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग हातमोजे घालून जाड कागदाने काचा गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा, जमीन ओल्या कागदाने पुसा आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरून त्याच केंद्रात द्या. व्हॅक्यूम क्लीनर आणि झाडू दोन्ही नाही, त्याने पारा हवेत पसरतो. क्लास असेल त्या दिवशी हे कामच काढू नका, सुट्टीच्या दिवशी करा.

सुरुवात एकदम 16 नी नका करू. आधी एकाच रांगेतल्या चार पट्ट्या करून घ्या, त्यात त्या गुणगुणणाऱ्या येतील असं बघा. आठवडाभर मुलींना तिथे बसवा आणि एका पुठ्ठ्यावर मरून, चॉकलेटी, नेव्ही, काळा, लाल, राणी असे दोरे गुंडाळून तो पुठ्ठा आधी खिडकीपाशी आणि मग त्या ट्यूबखाली धरून बघा. जमलं तर बाकीच्या 12 आणि वर दोन जास्तीच्या त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या एकदमच घेऊन ठेवा, नंतर आणलेली पांढरी आधीच्या पांढऱ्याशी जुळेलच असं नसतं. आणि ती मरून-चॉकलेटी एक करणारी ट्यूब चोकवर चालणाऱ्या जातीची आहे, त्यामुळे चोक काढलेल्या पट्टीत ती मुळीच लावू नका. दोन्ही ट्यूब दुकानदार बदलून देत असेल तर द्या, नाहीतर जिथे रंग बघायचे नसतात अशा जिन्यातल्या किंवा स्टोअर रूममधल्या लोखंडी चोकच्या पट्टीत वापरून टाका.